मृत्यूसमीप अनुभव, लैंगिक कल आणि विज्ञानाची कसोटी

माणसाच्या अंतर्मनात जे घडते ते दुसऱ्याला दिसत नाही. पोट दुखते म्हटले तर डॉक्टर हात लावून पाहतो. परंतु "मी मरणाच्या दारातून परत आलो" किंवा "मला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयीच ओढ वाटते" असे कोणी सांगितले, तर हात कोठे लावावयाचा? अशा वेळी आपला समाज पहिल्याच्या पाया पडतो आणि दुसऱ्याला घराबाहेर काढतो. तपासणी मात्र दोघांचीही होत नाही. तरुण मुलामुलींच्या मनात हे दोन्ही प्रश्न असतात, म्हणून प्रस्तुत लेखात ते एकत्र घेतले आहेत.

पहिला प्रश्न आपणां पाथरीकरांना परका नाही. श्री साईबाबांचा जन्म पाथरीचा, असे मानणारा मोठा भाविकवर्ग येथे आहे. जानेवारी २०२० मध्ये याच मुद्द्यावरून शिर्डीत बंद पाळला गेला, हे वाचकांस आठवत असेल. त्या वादात आपणांस शिरावयाचे नाही. साईचरित्रातील एक प्रसंग मात्र आपल्या विषयाचा आहे. १८८६ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेला बाबांना दम्याचा त्रास वाढला, तेव्हा "तीन दिवस माझा देह सांभाळा" असे त्यांनी म्हाळसापतींना सांगितले. श्वास थांबला, गावच्या अधिकाऱ्यांनी मृत ठरविले, दफनाची भाषा सुरू झाली, तरी म्हाळसापती मागे हटले नाहीत. आणि तीन दिवसांनी बाबा पुन्हा शुद्धीवर आले, अशी ही कथा आहे.

आता कसोटी लावू. ज्यांनी साईचरित्र ग्रंथरूपाने लिहिले त्या गोविंद रघुनाथ दाभोलकर यांची बाबांशी पहिली भेट १९१० सालची. म्हणजे घटना आणि लेखन यांत किमान २४ वर्षांचे अंतर. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण चार ते सहा मिनिटांत त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. मग तीन दिवसांचे काय? श्वास व नाडी इतकी मंद झाली असावी की पाहणाऱ्यांना ती कळली नाही, एवढेच विज्ञान म्हणू शकते. म्हाळसापतींची निष्ठा यामुळे कमी होत नाही. परंतु मृत मनुष्य तिसऱ्या दिवशी उठला, हे विधान सिद्ध होण्यास लागणारा पुरावा येथे नाही.

आधुनिक काळात या विषयाला तोंड फुटले ते १९७५ मध्ये, अमेरिकेतील डॉ. रेमंड मूडी यांच्या पुस्तकामुळे. मरता मरता वाचलेले अनेक लोक बोगदा, तेजस्वी प्रकाश, आपलाच देह वरून पाहणे, मृत नातलगांची भेट यांविषयी बोलतात, असे त्यांनी मांडले. त्यानंतर दवाखान्यांतून पद्धतशीर अभ्यास झाले. हॉलंडमधील डॉ. पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचविलेल्या ३४४ रुग्णांना विचारले. त्यांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के लोकांनी, असे अनुभव सांगितले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. सॅम पार्निया यांनी तर दवाखान्यांत उंच फळ्यांवर, केवळ छताच्या बाजूनेच दिसतील अशी चित्रे ठेवून पाहिली. आत्मा खरोखर वर तरंगत असेल तर त्याला ती दिसावयास हवीत! २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कोणीही तसे चित्र पाहिल्याचे सांगितलेले नव्हते. मात्र हेही सांगितले पाहिजे की बहुतेक रुग्णांचे हृदय बंद पडले ते फळ्या नसलेल्या खोल्यांत. म्हणजे ही परीक्षा पुरी झालीच नाही.

भारतातील अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील डॉ. सतवंत पसरिचा व डॉ. इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातील १६ घटना प्रसिद्ध केल्या. आपल्या लोकांना बोगदा दिसत नाही. त्यांना यमदूत घेऊन जातात, तेथे एक जण वही उघडून बसलेला असतो, तो म्हणतो, "अरे, हा नव्हे, दुसरा आणावयाचा होता," आणि माणूस परत पाठविला जातो. आम्हां बँकेतल्या लोकांना हे वाचून हसू येते, की चित्रगुप्ताच्या कचेरीतही नोंद चुकीच्या खात्यावर पडते! परंतु यातील बोध गंभीर आहे. जो अमेरिकेत वाढला त्याला त्याच्या कल्पनेतील स्वर्ग दिसतो, जो आपल्याकडे वाढला त्याला यमाचा दरबार. परलोक एकच असता तर त्याचे वर्णन देशागणिक बदलले नसते. अनुभव खरा आहे, सांगणारा खोटे बोलत नाही; पण त्या अनुभवाला रूप देतो तो त्याच्या संस्कारांनी घडलेला मेंदू. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉ. जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने कृत्रिम श्वसन काढल्यानंतर मृत्यू पावलेल्या चार रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी दोघांच्या मेंदूत अखेरच्या क्षणी जागृतीशी निगडित विद्युतक्रिया एकाएकी वाढलेली दिसली. त्यांना काय दिसले हे सांगावयास ते उरले नाहीत. म्हणून हा शोधही अपुराच समजावा.

अशा अपुऱ्या ज्ञानावर जगावयाचे कसे, याचे उत्तर तथागतांनी फार पूर्वी दिले आहे. मृत्यूनंतर काय, असे खोदून विचारणाऱ्या मालुंक्यपुत्ताला त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कोणी मारला, तो कोणत्या जातीचा, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा मरूनच जाईल. आणि कालामांना सांगितले की परलोक असेल तर सदाचरण तेथे उपयोगी पडेल, नसेल तर येथे तरी सुखाने जगता येईल. अध्यात्म म्हणावयाचे तर ते एवढेच. बाण काढणे हे पहिले काम.

आपल्या घराघरांतून आज ज्यांना बाण लागलेला आहे, त्यांत समलिंगी आकर्षण असलेली मुले-मुली आहेत. येथेही कसोटी तीच लावावयाची, परंतु उत्तर निराळे येते. मृत्यूसमीप अनुभव क्षणाचा असतो आणि देशागणिक बदलतो. लैंगिक कल तसा नाही. समलिंगी ओढ असलेली माणसे सर्व देशांत, सर्व जातीधर्मांत व सर्व काळांत आढळतात, आणि ही ओढ बहुधा आयुष्यभर टिकते. इच्छा करून ती आणता येत नाही, नवस बोलून घालवता येत नाही.

महाराष्ट्रात हा विषय छापील शब्दांत आणण्याचे धैर्य प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते निःसंकोच उत्तरे देत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, अंगावर कामाचा डोंगर होता, आणि या खटल्यात लौकिक मिळण्याऐवजी शिव्याच मिळण्याचा संभव अधिक. तरी ते उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आपल्या जयंतीच्या भाषणांतून हा प्रसंग क्वचितच ऐकावयास मिळतो. का, याचा विचार समाजबांधवांनी करावा.

त्यानंतर विज्ञान पुढे गेले. १९५७ मध्ये डॉ. एव्हलिन हूकर यांनी ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या तज्ज्ञांपुढे नावे न सांगता ठेवल्या. कोणती चाचणी कोणाची, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली, १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढली, आणि २०१८ मध्ये भारतीय मनोविकार संघटनेनेही हा आजार नसल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असा कल 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरविले.

मग हे जन्मतः असते काय, असे विद्यार्थी विचारतील. सरळ उत्तर असे की एकच एक कारण नाही. २०१९ मध्ये सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात 'समलिंगी जनुक' असा एक सापडला नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा प्रभाव दिसला, आणि सर्व मिळून तो ८ ते २५ टक्क्यांच्या आसपास भरला. बाकीचे गर्भातील घडण व इतर कारणांवर. ज्याला जितके मोठे भाऊ अधिक, त्या पुरुषात समलिंगी कलाची शक्यता थोडी अधिक, असेही अनेक अभ्यासांत आढळले आहे. आईबापांनी लाड केले, वसतिगृहात ठेवले, सिनेमा पाहू दिला म्हणून असे झाले, याला मात्र पुरावा नाही. आणि समजा, कारण उद्या पूर्ण कळले, तरी त्यामुळे कोणाचा मान कमी कसा होईल? डावखुरेपणाचेही कारण आपणांस पुरते कळलेले नाही. म्हणून कोणी डावखुऱ्या मुलाचे हात बांधतो काय?

आपल्याकडे मात्र बांधतात. मुलगा असे काही बोलला की त्याला देवऋषाकडे नेतात, अंगारा लावतात, नाहीतर घाईने लग्न उरकतात. लग्नाने सर्व ठीक होते, ही समजूत तर दोन आयुष्ये नासवते. त्या घरात आलेल्या मुलीचा यात काय गुन्हा? भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्या निकालपत्रात बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नीतीचा आधार घेतलेला आहे. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांच्यासाठी अश्लीलतेचा खटला लढविला ते कर्वे तेव्हा हयात नव्हते, तेही नव्हते. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य झाला नाही. तो प्रश्न न्यायालयाने संसदेकडे सोडला आहे.

ज्या विद्यार्थ्याला घरी बोलता येत नाही, त्याच्यासाठी शासनाची 'टेलिमानस' ही फोनसेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मुंबईची 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था १९९४ पासून हेच काम करीत आहे. पालकांनाही तेथे विचारता येते.