ओरखडा छोटा, दुखणं मोठं

लावणीच्या दिवसांत नडगीला काटा ओरखडला तर आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझाही ओरखडा बोटभरच होता, भोवती किंचित लाली. पण दुखणं असं की पांघरुणाचा स्पर्श सोसेना. सासूबाईंना ते धावरे वाटलं, लेप सुचवला. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं. रात्री हुडहुडी भरून ताप आला. सकाळी पोटरी फुगून टणक झालेली, घोट्यावर जांभळट डाग आणि पाण्याचे फोड.

जिल्ह्याच्या सर्जननी पाय दाबून पाहिला, रक्तदाब पाहिला आणि तडक ऑपरेशनला घेतलं. नेक्रोटायझिंग फॅसायटिस. यात जंतू कातडीखालच्या आवरणातून आडवे पसरतात, बारीक रक्तवाहिन्या गोठतात, मांस मरतं. वरची कातडी मात्र सुरुवातीला धड दिसते. मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, तर सलाइनमधलं औषध पोचणार कसं? म्हणून अँटिबायोटिक हवंच, पण मेलेलं कापून काढावं लागतं, आणि बहुधा एक-दोन दिवसांत पुन्हा उघडून बघतात. नातेवाईक नेमके इथे अडतात: आधी एमआरआय करू, पुण्या-मुंबईला विचारू. माझ्या दिरांनी लगेच सही केली. पाय वाचला तो त्यामुळे, असं मी तरी मानते.

जखमेच्या मानानं दुखणं अति असेल, सूज लालीच्या पलीकडे जात असेल, ताप किंवा ग्लानी असेल, तर सकाळची वाट बघू नका. सर्जन आणि ऑपरेशनची सोय असेल तिथेच जा. निघताना लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढून वेळ लिहा. ती किती झपाट्यानं सरकली हे डॉक्टरांना दिसतं. पण रेघेकडे बघत घरी बसायचं नाही. दुखणं एकाएकी थांबून जागा बधिर झाली तर हायसं वाटून घेऊ नका, तिथल्या नसा मेलेल्या असू शकतात. मधुमेह्यांच्या पायाला कळ जाणवेलच असं नाही, त्यांनी रंग आणि सूज बघावी. शुगर नसलेल्यांनाही हे होतं, मला नव्हती.

पुढचं कुणी सांगत नाही. पोटरीवर आता मांडीच्या कातडीचं जाळीदार ठिगळ आहे, पण त्यापेक्षा मांडीच जास्त आग करायची. ड्रेसिंगआधी अर्धा तास दुखण्याचं औषध मागून घ्या. नर्सबाई कुरकुरल्या तरी मागा.