वाट कोणाची?
(मंदिर-परिसराचा एक अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला

देवळात आपण दर्शनासाठी जातो. देऊळ पाहण्यासाठी क्वचितच जातो. इतिहासाच्या तासाला सरांनी एकदा विचारले होते, "देवळाचा नकाशा काढायचा झाला, तर त्यात माणसांच्या जागा कुठे दाखवाल?" वर्गात हशा पिकला, पण प्रश्न माझ्या मनात राहिला. दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन गणपतीपुळ्याला जायचे ठरले, तेव्हा मी पिशवीत वही-पेन्सिल टाकली. आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आजीला वाटले, परीक्षा जवळ आली असावी!

प्रथम ग्रंथालयात वाचलेले एक दूरचे उदाहरण घेऊ. चीनच्या राजधानीत, बीजिंगमध्ये, ‘स्वर्गमंदिर’ नावाचा विस्तीर्ण परिसर आहे. मिंग घराण्यातील योंगल सम्राटाने बांधविलेला हा परिसर इ. स. १४२० मध्ये पूर्ण झाला. त्यातील मुख्य प्रार्थनागृह गोल, लाकडी आणि तीन छपरांचे असून त्याची उंची सुमारे ३८ मीटर आहे. आतील २८ खांबांपैकी मधले चार ऋतूंचे, पुढचे बारा महिन्यांचे आणि बाहेरचे बारा दिवसाच्या बारा भागांचे मानतात. १८८९ साली वीज पडून ते जळाले आणि जुन्याच धर्तीवर पुन्हा उभारले गेले.

चिनी वर्षाच्या आरंभी सम्राट येथे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करीत असे. प्रार्थना पिकासाठी, परंतु पीक काढणाऱ्या शेतकऱ्याला तेथे प्रवेश नव्हता. सम्राटाची स्वारी निघाली की वाटेवरच्या लोकांनी दारे-खिडक्या बंद करून घरात बसायचे, स्वारीकडे पाहायचेसुद्धा नाही. प्रार्थनागृहाकडे जाणारा सुमारे ३६० मीटर लांबीचा उंच दगडी मार्ग आहे. त्याचे तीन भाग आहेत. मधला देवाचा, पूर्वेकडचा सम्राटाचा आणि पश्चिमेकडचा राजपुत्रांचा व अधिकाऱ्यांचा. म्हणजे कोण कुठून चालणार हे दगडातच लिहून ठेवलेले होते. १९१२ मध्ये राजेशाही संपली आणि १९१८ मध्ये हा परिसर सर्वांसाठी उघडला. आज तिकीट काढलेला कोणताही प्रवासी देवाच्या मधल्या वाटेवरून चालतो. तेथील बागेत सकाळी म्हातारी माणसे व्यायाम करतात, गाणी म्हणतात.

आता आपल्या गणपतीपुळ्याकडे वळू. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गेले की समुद्र डाव्या हाताला सोबत करतो. देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, पश्चिमेकडे तोंड करून, अगदी किनाऱ्यावर आहे. शिवाजी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांनी येथे घुमटी बांधली, गोविंदपंत बुंदेल्यांनी सभामंडप उभारला आणि माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई यांनी धर्मशाळा बांधली, असे सांगतात. आज दिसणारी लाल दगडाची इमारत मात्र अलीकडच्या जीर्णोद्धारातली आहे. पण या स्थानाचे खरे वैशिष्ट्य इमारतीत नाही. येथे संपूर्ण डोंगरच देव मानला जातो. म्हणून प्रदक्षिणा देवळाला नव्हे, तर डोंगराला घालतात. ही वाट सुमारे एक किलोमीटरची आहे.

दर्शनाची रांग पुढे सरकत होती. सभामंडपाच्या पायरीशी आजी एकदम बाजूला झाली. तिला कोणी अडवले नव्हते. "तू ये जाऊन. मला हितनंच दिसतो देव," ती म्हणाली. मला वाटले, पाय दुखत असतील. मी वहीत नकाशा काढीत होतेच. पायरीजवळ एक टिंब दिले.

मग आम्ही प्रदक्षिणेला निघालो. वाटेत ती आपणहून सांगू लागली. तिच्या माहेरच्या गावी देवळासमोर एक पिंपळ होता. आमच्या माणसांनी त्याच्या पलीकडे जायचे नाही. प्रसाद वरून ओंजळीत टाकीत. मी हिशेब केला. मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात, आणि मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तोही त्याच वर्षी. आजीचा जन्म त्यानंतरचा. आमच्या रत्नागिरीत तर सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने १९३१ मध्येच उभे राहिले होते. मी हे सारे परीक्षेत लिहिले होते, गुणही मिळाले होते. परंतु कायद्याच्या वर्षापासून गावातल्या पिंपळापर्यंतचे अंतर किती असते, हे पुस्तकात नव्हते.

"ह्या वाटेला दार न्हाई," आजी मध्येच म्हणाली. खरेच नव्हते. एका हाताला डोंगर, म्हणजे देव. दुसऱ्या हाताला झाडे आणि मागून समुद्राचा आवाज. पुण्या-मुंबईची मंडळी, नवविवाहित जोडपी, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सारी एकाच वाटेने चालली होती. बीजिंगच्या मार्गासारखे भाग येथे नव्हते.

विद्यार्थिमित्रांनो, प्रवासी म्हणून एखादा मंदिर-परिसर पाहाल तेव्हा शिखराची उंची आणि बांधणीचे साल जरूर टिपा. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहा: वाटा किती आहेत, त्यांवरून कोण चालत असे, आणि आज कोण चालते. वाट उघडी झाल्यावरही कोणी पायरीशी थांबते का, हेही पाहा.

प्रदक्षिणा पुरी झाली. आजी पुन्हा रांगेत उभी राहिली, या वेळी माझ्या पुढे. पायरीशी तिने पदर सारखा केला आणि आत गेली.

वहीतले टिंब मी खोडले नाही. तेथून देवापर्यंत एक रेघ तेवढी ओढली.