मानेला मार लागला तर

पुणे-नाशिक रस्ता आपल्या संगमनेरावरून जातो. चंदनापुरीच्या घाटात कधी मोटारसायकल घसरते. कधी कोणी झाडावरून पडतो. डोके फुटले तर रक्त दिसते. मानेच्या आतला मार मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आज आपण त्याची माहिती करून घेऊ.

मानेत ७ मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये बहुधा मऊ गादी असते. मणके जागेवर राहावेत म्हणून चिवट बंध असतात. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून एक दोरी खाली जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. हातपाय हलविण्याचा हुकूम तिच्यातूनच जातो. ती दुखावली तर हातपाय लुळे पडतात.

म्हणून पडलेल्या माणसाला ओढू नका, बसवू नका. डोके आहे तसेच दोन्ही हातांनी स्थिर धरा. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात डॉक्टर आधी तपासतात. जरूर वाटली तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात. मोडलेले हाड सीटी स्कॅनमध्ये चांगले दिसते. दोरी, गादी आणि बंध एमआरआयमध्ये चांगले दिसतात.

मग एमआरआय केव्हा लागतो?

१. हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो किंवा जोर जातो.
२. लघवी अडते किंवा झालेली कळत नाही.
३. मणका सरकला किंवा बंध तुटला असा डॉक्टरांना संशय येतो.

“हाड शाबूत आहे, चला घरी,” असे घरची माणसे म्हणतात. पण हाड शाबूत असूनही दोरी दुखावलेली असू शकते. म्हाताऱ्यांत आणि लहान मुलांत असे घडते. घरी आल्यावर मुंग्या सुरू झाल्या, तरी लगेच परत जावे.

मान नुसती आखडली आहे, हातापायांत जोर आहे आणि डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हटले आहे, तर एमआरआयचा हट्ट धरू नये. कष्टाचा पैसा व्यर्थ जातो.

एमआरआयचे यंत्र म्हणजे मोठे लोहचुंबक. त्यात साधारण अर्धा तास न हलता पडून राहावे लागते. ठकठक आवाज होतो, पण दुखत नाही. छातीत पेसमेकर असेल किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधीच सांगावे.

प्रश्न
१. पडलेल्या माणसाची मान का हलवू नये?
२. हाड शाबूत असूनही एमआरआय केव्हा लागतो?