भाड्याची खोली, पाणी आणि पावती

रात्रीचा वर्ग सुटला. सगळी मंडळी उठली. पण एक बाई पुस्तक मिटून तशाच बसून राहिल्या. आम्ही विचारलं, "काय ताई, आज घरी जायचं नाही का?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोराचा फोन आला व्हता. मालकानं त्याच्या खोलीचं पाणी तोडलंय."

त्यांचा मुलगा पिंपरी-चिंचवडला कारखान्यात कामाला आहे. बायको आणि लहान मूल जवळ आहे. खोलीचं भाडं महिना ३,००० रुपये. मालक म्हणाला, "येत्या महिन्यापासून ४,५०० दे." मुलगा म्हणाला, "एवढं झेपत नाही." दुसऱ्या दिवशी नळ बंद. तिसऱ्या दिवशी वीज बंद. भाडं तो दर महिन्याला रोख देत असे. पावती नाही. करार नाही. खोली घेताना २०,००० रुपये अनामत दिली, त्याचाही कागद नाही.

सगळं सांगून बाई म्हणाल्या, "घर मालकाचं हाय. त्यानं पाणी तोडलं तर आपण काय बोलावं?"

आम्ही म्हणालो, "ताई, घर मालकाचं आहे, हे खरं. पण भाडं घेऊन घर दिल्यावर मालकालाही कायदा आहे. उद्या सगळ्या वर्गालाच तो सांगू."

तोच हा धडा. आपल्या गावातली किती तरी मुलं आज शहरात भाड्यानं राहतात. तेव्हा हा धडा घरोघरी उपयोगी पडेल.

कायदा कसा झाला?

गिरण्या निघाल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईत गेली. माणसं फार आणि खोल्या थोड्या. मालक मागेल ते भाडं द्यावं लागे. म्हणून १९१८ साली मुंबईत भाड्याला आळा घालणारा कायदा झाला. पुढे १९४७ साली मुंबई राज्यात मोठा भाडे कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीला जे भाडं होतं, तेच साधारणपणे खरं भाडं धरावं, असं त्यात ठरलं. गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिलं. हे या कायद्याचं मोठं काम झालं.

पण त्यात एक दुखणं शिल्लक राहिलं. वर्षं गेली. विटा महागल्या, चुना महागला, गवंड्याची मजुरी वाढली. भाडं मात्र जिथल्या तिथे. मालक म्हणू लागले, "एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू?" चाळींचे जिने मोडले, भिंती खचल्या. काही इमारती पडल्या आणि माणसं दगावली. म्हणून १९६९ साली निराळा कायदा करून मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावं लागलं. दुरुस्तीच्या खर्चासाठी करही बसवावा लागला.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, भाडं असं वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

यातून आपण काय घ्यायचं? भाडं फार चढलं तर माणूस रस्त्यावर येतो. भाडं फार उतरलं तर घरच खाली येतं. दोघांचं चालेल ते वाजवी भाडं.

पाणी तोडता येतं का?

येत नाही. राहणाऱ्याला मिळत असलेलं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सफाई या गोष्टी मालकानं योग्य कारणाशिवाय बंद करू नयेत, असं हा कायदा सांगतो. कोणी बंद केल्या तर न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालय त्या पुन्हा सुरू करायला लावू शकतं. भाड्याचा वाद असेल तर तो वादासारखा चालवावा. लेकराचं पाणी तोडून तो जिंकता येत नाही.

घर राहण्याजोगं ठेवणं हेही मालकाचं काम आहे. छप्पर गळत असेल तर मालकाला लेखी कळवावं. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं हयगय केली, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

भाडं किती वाढेल?

या कायद्याखालच्या भाडेकरूचं भाडं मालक वर्षाला शेकडा ४ या दरानं वाढवू शकतो. म्हणजे १०० रुपयांमागे ४ रुपये. आता हिशेब करा. ३,००० रुपयांवर वाढ किती? १२० रुपये. नवं भाडं ३,१२० रुपये. कर वाढले किंवा मालकानं घरात सुधारणा केली तर त्यापोटी निराळी वाढ मागता येते. भाडं फारच जास्त वाटलं तर वाजवी भाडं ठरवून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. शहरात आज बहुतेक खोल्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारानं देतात. लोक त्याला अकरा महिन्यांचा करार म्हणतात. त्यात रक्कम, वाढ आणि मुदत करारात लिहिलेली असते. मुदत संपली की खोली सोडावी लागते. न सोडली तर दुप्पट रकमेची भरपाई बसू शकते. म्हणून कागदाच्या माथ्यावर काय लिहिलं आहे, ते आधी वाचावं. हा कायदा मुख्यतः शहरांसाठी आहे. सगळ्या खेड्यांना तो लागू नाही, हेही लक्षात असू द्या.

कागद आणि पावती

करार लेखी करावा आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करावी, असा कायदा आहे. ही जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि असा कागदच नसेल, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते धरलं जातं. ते खोटं आहे, हे मालकानं सिद्ध करावं लागतं. तेव्हा कागद नाही म्हणून भिऊन जाऊ नये.

भाड्याची पावती मागणं हा आपला हक्क आहे. इथे आमचीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिलो. भाडं रोख देत होतो. मास्तर असून पावती मागायची आम्हाला भीड वाटली. बदली झाली तेव्हा मालक म्हणाले, "सहा महिन्यांचं भाडं राहिलंय." आमच्याजवळ चिटोरं नव्हतं. सहा महिन्यांचं भाडं आम्ही दुसऱ्यांदा भरलं. मुलांना पाढे शिकवणारे आम्ही, आणि आमचाच हिशेब कोरा! तेव्हापासून भीड सोडली. पावती मिळत नसेल तर भाडं बँकेतून पाठवावं. बँकेची नोंद ही साक्षच असते.

राहणाऱ्याचंही कर्तव्य आहे

भाडं वेळेवर द्यावं. मालक म्हातारा असेल, त्याची चूल त्या भाड्यावरच पेटत असेल. खोलीची मोडतोड करू नये. भाडं थकलं तरी मालकानं लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस जाईपर्यंत त्याला थकबाकीसाठी खोली खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. पण ही सवड पैसे जमवायला आहे, बुडवायला नाही.

वकिलाला पैसे नसतील तर?

१९८७ च्या विधी सेवा कायद्यानं गरिबांना फुकट वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कारखान्यातले कामगार यांना तर उत्पन्न न पाहता मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. जिल्ह्याला प्राधिकरण असतं. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येतं.

मग त्या मुलाचं काय झालं?

आईनं त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो विधी सेवेच्या कचेरीत गेला. तिथल्या वकिलांनी मालकाला पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं, मग वीजही आली. मालक म्हणाला, "चल, करार करू." त्यानं कागद तयार केला. मुलानं सही करण्याआधी कागदाचा फोटो आईला पाठवला.

बाई तो फोन घेऊन वर्गात आल्या. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. घंटाभर वाचत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "गुरुजी, 'अनामत रक्कम : निरंक' असं हाय. निरंक म्हंजे काय?"

आम्ही म्हणालो, "निरंक म्हणजे काहीच नाही."

बाई ताठ बसल्या. म्हणाल्या, "काहीच नाही कसं? माझ्या पोरानं वीस हजार दिल्यात! म्या कानातलं मोडून दिलं व्हतं."

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "बाळा, सही करू नगंस. आधी वीस हजार लिहून घे."

भाड्याची रक्कम ठरायची होती, ती पुढे दोघांनी बसून ठरवली. पण वीस हजार रुपये कागदावर आले. सही झाली ती त्यानंतर.

नवे शब्द

अनामत : खोली घेताना ठेव म्हणून दिलेली आणि सोडताना परत मिळणारी रक्कम.
निरंक : काहीच नाही.
मुदत : ठरलेला काळ.
दुय्यम निबंधक : कागदांची सरकारी नोंद करणारा अधिकारी.

उत्तरे द्या

१. मालकानं पाणी तोडलं तर काय करावं?
२. भाडं २,५०० रुपये आहे. शेकडा ४ प्रमाणे वाढ किती? नवं भाडं किती?
३. आपल्या घरातलं कोणी शहरात भाड्यानं राहतं का? त्यांच्याजवळ करार आणि पावत्या आहेत का, ते आजच विचारा.