मनगटावरचा हिशेब

घड्याळ वेळ सांगते. हे आपल्या सर्वांना माहीत आहे. पण काही घड्याळे हिशेबही करतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, चारही करतात. दुकानदार त्यांना कॅल्क्युलेटर घड्याळ म्हणतात. आपण त्यांना हिशेबाचे घड्याळ म्हणू.

माझ्या मनगटावर असे एक घड्याळ आहे. पोरे ते पाहून हसतात. म्हणतात, "गुरुजी, हे जुन्या काळचे. आता मोबाईल आहे की!" पोरांचे खरे आहे. मोबाईलही हिशेब करतो. पण मोबाईलला वरचेवर वीज पाजावी लागते. हे घड्याळ एका लहान सेलवर काही वर्षे चालते. शिवाय काही कारखान्यांत मोबाईल दारातच ठेवून घेतात. घड्याळ मात्र हातावर राहते.

मानपाडा नावाची दोन ठिकाणे आपल्या भागात आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेला. डोंबिवलीच्या मानपाड्याजवळ एमआयडीसीचे कारखाने आहेत. तिथे तासावर काम चालते. तासांचा हिशेब चुकला, तर मजुरी चुकते. म्हणून हा पाठ नीट वाचा.

हे घड्याळ कुठून आले?

हिशेबाचे घड्याळ प्रथम अमेरिकेत १९७५ साली निघाले. त्याचे नाव पल्सर. ते सोन्याचे होते. त्याची किंमत जवळजवळ ४,००० डॉलर होती. त्याच्या कळा इतक्या बारीक होत्या की बोटाने दाबता येत नसत. टोकदार काडीने दाबाव्या लागत. असे घड्याळ श्रीमंतांनीच घ्यावे!

पुढे १९८० साली जपानच्या कॅसिओ कंपनीने असे घड्याळ काढले. ते प्लास्टिकचे होते. स्वस्त होते. त्याच्या कळा बोटाने दाबता येत. मग हे घड्याळ साध्या माणसाच्या हाती आले. विद्यार्थी, कारकून, दुकानदार ते वापरू लागले. आज पुष्कळ लोक हौसेने हे जुन्या धाटणीचे घड्याळ घेतात.

आत काय असते?

या घड्याळात चाके नसतात. काटे नसतात. किल्लीही द्यावी लागत नाही. आत गारेचा एक बारीक तुकडा असतो. या गारेला क्वार्ट्झ म्हणतात. सेलमधली वीज मिळाली की हा तुकडा थरथरतो. किती वेळा? एका सेकंदात ३२,७६८ वेळा!

एवढी मोठी संख्या का निवडली? तिचे निम्मे करा. १६,३८४ येतात. पुन्हा निम्मे करा. ८,१९२ येतात. असे १५ वेळा निम्मे केले की शेवटी १ उरतो. तोच एक सेकंद. आपण निमकी पाठ करतो. घड्याळही आतल्या आत निमकीच करत असते.

आकडे ओळखा

या घड्याळावर इंग्रजी आकडे असतात. आपण मराठी आकडे शिकलो. म्हणून सुरुवातीला घोटाळा होतो. इंग्रजी नऊ हा आपल्या १ सारखा दिसतो. इंग्रजी आठ हा आपल्या ४ सारखा भासतो. पहिले काही दिवस कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

पडद्यावरचा प्रत्येक आकडा सात दांड्यांनी बनतो. आठाच्या आकड्यात सातही दांड्या दिसतात. जुने घड्याळ विकत घेताना एक परीक्षा करा. आठाची कळ आठ वेळा दाबा. पडद्यावर आठ आठ उमटतील. त्यांतली एखादी दांडी दिसली नाही, तर ते घड्याळ घेऊ नका. दांडी गेली की आठाचा सहा किंवा नऊ दिसतो. मग घड्याळ हिशेब बरोबर करते, पण आपल्याला चूक दिसते.

वेळ कशी वाचायची?

पुष्कळदा या घड्याळात २४ तासांची वेळ लावलेली असते. रेल्वेही अशीच वेळ लिहिते. दुपारी बारानंतर १३, १४, १५ असे तास येतात. आकडा १२ पेक्षा मोठा असेल, तर त्यातून १२ वजा करा. १७:३० म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. २०:१५ म्हणजे रात्रीचे सव्वाआठ.

खरी मेख इथे आहे

आता मन लावून वाचा.

समजा, एका कामगाराची पाळी १७:३० ला संपते. त्या दिवशी तो २०:१५ पर्यंत थांबला. जादा काम किती झाले?

त्याने घड्याळावर २०.१५ दाबले. त्यातून १७.३० वजा केले. उत्तर आले २.८५. हे चूक आहे! घड्याळ बिघडले का? नाही. त्याला वाटले की आपण रुपये-पैसे मोजत आहोत. रुपयाचे पैसे १००. तासाची मिनिटे ६०. हिशेबाच्या कळांना हा फरक कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.

मग बरोबर उत्तर कसे काढायचे? तोंडी काढा. साडेपाचपासून साडेआठपर्यंत तीन तास. तो सव्वाआठला निघाला. म्हणजे पाव तास कमी. उत्तर पावणेतीन तास.

आता दुसरी मेख. पावणेतीन तास म्हणजे २ तास ४५ मिनिटे. हजेरीच्या कागदावर ते २:४५ असे लिहितात. पण मजुरी काढताना २.४५ दाबायचे नाही. २.७५ दाबायचे. कारण पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, आणि पाऊण रुपया म्हणजे ७५ पैसे. हिशेबाच्या कळा शंभराने मोजतात.

हा तक्ता पाठ करा:

पाव तास: १५ मिनिटे. कळ दाबताना ०.२५.
अर्धा तास: ३० मिनिटे. कळ दाबताना ०.५.
पाऊण तास: ४५ मिनिटे. कळ दाबताना ०.७५.
सव्वा तास: १.२५.
दीड तास: १.५.
पावणेदोन तास: १.७५.
अडीच तास: २.५.
पावणेतीन तास: २.७५.

बघा, यात नवे काय आहे? आपले आजे-पणजे शाळेत गेले नाहीत. तरी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच त्यांना तोंडपाठ होते. पूर्वी रुपयाचे १६ आणे होते. पाव रुपया म्हणजे ४ आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. पाव रुपया म्हणजे २५ पैसे झाला. आकडा बदलला, पाव तोच राहिला. तासाचेही तसेच आहे. म्हणून आधी तोंडाने म्हणा, "पावणेतीन." मग कळ दाबा.

किती रुपयांचा फरक पडतो?

कारखान्यात ठराविक वेळेपेक्षा जास्त काम केले, तर त्या कामाला दुप्पट दर द्यावा, असा नियम आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तो होता. आजही तो नियम आहे.

समजा, साधा दर तासाला ६० रुपये आहे. जादा कामाचा दर १२० रुपये झाला.

चुकीचा हिशेब: २.४५ गुणिले १२०. उत्तर २९४ रुपये.
बरोबर हिशेब: २.७५ गुणिले १२०. उत्तर ३३० रुपये.

एका दिवसाला ३६ रुपये बुडाले. महिन्यात असे दहा दिवस आले, तर ३६० रुपये गेले. कोणी चोरी केली नाही. कोणी भांडले नाही. एका टिंबाने पैसे गेले.

समजा, असा कामगार पगाराची चिठ्ठी घेऊन घरी आला. त्याची बायको रात्रीच्या वर्गाला जाते. तिने चिठ्ठी वाचली.

ती म्हणाली, "अहो, परवा तुम्ही पावणेतीन तास जास्त थांबलात ना?"

"हो. सव्वाआठला सुटलो."

"मग तीन तासांचे किती होतात?"

"एकशेवीस त्रिक तीनशेसाठ."

"त्यातून पाव तासाचे तीस काढा. तीनशेतीस राहतात. इथे तर दोनशेचौऱ्याण्णव लिहिलेत."

नवऱ्याने घड्याळावर २.७५ दाबून पाहिले. ३३० आले.

दुसऱ्या दिवशी तो मुकादमाकडे गेला. आरडाओरडा केला नाही. म्हणाला, "दादा, एवढा आकडा एकदा पाहून घ्या. पंचेचाळीस मिनिटे म्हणजे पाऊण तास. इथे टिंबापुढे पंचेचाळीसच लिहिलंय." मुकादमाने पाहिले. म्हणाला, "खरंच की! सगळ्यांचंच असं झालंय." चिठ्ठी दुरुस्त झाली. इतर गड्यांचेही पैसे मिळाले.

असे पाहा, बाईने हिशेब आधी डोक्यात केला. घड्याळाने फक्त साक्ष दिली.

पाव-अर्धा नसेल तर?

कधी २ तास २० मिनिटे होतात. तिथे पाव नाही, पाऊण नाही. मग सगळ्याची मिनिटे करा. २ तासांची १२०. त्यात २० मिळवा. १४० झाली. आता १४० ला दराने गुणा आणि ६० ने भागा. १४० गुणिले १२०, भागिले ६०. उत्तर २८० रुपये. ही रीत कुठल्याही मिनिटांना चालते.

आणखी एक खबरदारी

साधे हिशेबाचे घड्याळ आपण दाबू त्या क्रमाने हिशेब करते. समजा, दिवसाची मजुरी ४८० रुपये. त्यात जादा काम मिळवायचे आहे. कोणी ४८० अधिक २.७५ गुणिले १२० असे एका दमात दाबले, तर उत्तर ५७,९३० येते! एका दिवसाची एवढी मजुरी कोणाला मिळते? आधी गुणाकार करा. २.७५ गुणिले १२०. मग त्यात ४८० मिळवा. उत्तर ८१० येते.

म्हणून नियम असा. आधी अंदाज करा. मग कळ दाबा. दोन्ही जुळले नाहीत, तर पुन्हा करा. नवा हिशेब सुरू करण्याआधी पडदा पुसण्याची कळ दाबायला विसरू नका. आणि उत्तर वहीत लिहा. पडदा पुसला की आकडा जातो. वहीतला आकडा राहतो.

घड्याळाची काळजी

कळा बोटाच्या टोकाने दाबा. नखाने कोरू नका. पाण्यात हात असताना कळा दाबू नका. घामाने पट्टा चिकट होतो, तो ओल्या फडक्याने पुसा. सेल संपला की घड्याळजीकडून बदलून घ्या.

जुना सेल घरात टाकू नका. तो बटणासारखा चकचकीत असतो. लहान मूल तो तोंडात घालते. गिळला तर आतून भाजते आणि जीवावर बेतते. मुलाने सेल गिळला असा संशय आला, तरी लगेच दवाखान्यात न्या. थांबू नका.

शब्दांचे अर्थ

पाळी: कामाची ठरलेली वेळ.
मुकादम: मजुरांवर देखरेख करणारा.
मेख: अडचणीची जागा.
टिंब: आकड्यांमधला ठिपका.

प्रश्न

१. २१:४५ म्हणजे रात्रीचे किती वाजले?
२. साडेतीन तास घड्याळात कसे दिसतील? हिशेब करताना काय दाबाल?
३. २ तास ४० मिनिटे काम झाले. दर तासाला ९० रुपये. मजुरी किती?
४. तुमच्या घरातली एक मजुरीची चिठ्ठी किंवा दुकानाचे बिल घ्या. आधी तोंडी हिशेब करा. मग यंत्रावर करा. दोन्ही वहीत लिहा.

उत्तरे: १. पावणेदहा. २. ३:३०, ३.५ दाबू. ३. १६० मिनिटे गुणिले ९०, भागिले ६०, २४० रुपये.