लाईन येईपर्यंत काय?

प्रश्न : मुलगा कंपनीच्या कामानं जपानमध्ये कानाझावाला आहे. जवळच्या नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतर त्यानं खोली बदलली. इंटरनेट मिळायला महिना लागेल म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, शेंद्रा

उत्तर : १ जानेवारी २०२४ चा तो भूकंप ७.६ मॅग्निट्यूडचा होता. तुटलेल्या तारा जोडणारी माणसंच नव्या जोडण्याही देतात, तेव्हा महिना ही टाळाटाळ नव्हे. मात्र फायबरसाठी भिंतीला भोक पाडावं लागलं, तर घरमालकाची परवानगी लागते. ती मुलानं आजच लेखी घ्यावी. पुष्कळांचं गाडं तिथंच अडतं.

तोवर सिमकार्डवर चालणारा राउटर भाड्यानं घ्यावा. प्लग लावला की सुरू, तंत्रज्ञ लागत नाही. मोठ्या आपत्तीत तिथल्या मोबाईल कंपन्या पाच शून्यं आणि 'जपान' अशा नावाचं मोफत वाय-फाय खुलं करतात. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात ते प्रथम वापरलं गेलं. त्याला पासवर्ड नाही, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार मुळीच नकोत.

आणि तुम्ही रोज व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. मुलाचा डेटा त्यातच संपतो. 'बरा आहे' एवढा मेसेज पुरे.