कृत्रिम गोडी : नैसर्गिक किती, निर्धोक किती?

मधुमेह हा आता केवळ शहरातील सुखवस्तू माणसांचा आजार राहिलेला नाही. यवतमाळ, पुसद, उमरखेड, घाटंजी येथील साध्या वस्त्यांमध्येही आज अनेक घरांत मधुमेहाची औषधे नियमित येतात. परमपूज्य बाबासाहेबांनाही या आजाराने ग्रासले होते आणि तशाच जर्जर शरीराने त्यांनी १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम पूर्ण केले, हे आपण जाणतोच. वसतिगृहाच्या पालकसभांमध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांमध्ये चहाचा कप हाती आला की, हमखास दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, “साखर नको, गूळ चालेल; तो नैसर्गिक आहे.” दुसरे म्हणते, “त्या गोळ्या घालू नका, ते केमिकल आहे, कॅन्सर होतो.” या दोन्ही मतांची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. म्हणून आरंभ इतिहासापासूनच करतो.

साखर तरी कितपत नैसर्गिक?

विनयपिटकात भिक्षूंना पाच औषधांची अनुज्ञा आहे : तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे उसाची काकवी. आजारी भिक्षूने ती स्वीकारावी आणि फार तर सात दिवस जवळ ठेवावी, असा नियम आहे. अर्थात, त्या काळी गोड पदार्थाचे एक स्थान औषधाचे होते आणि त्याला मर्यादा घातलेली होती. पुढे उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला याच भूमीत विकसित झाली. इ. स. ६४७ च्या सुमारास चीनच्या तांग सम्राटाने ती शिकण्यासाठी मगधात माणसे पाठविल्याची नोंद चिनी इतिहासात आढळते. ‘शर्करा’ हा शब्द अरबस्तानमार्गे युरोपात जाऊन ‘शुगर’ झाला.

पुढचा इतिहास मात्र कडू आहे. कॅरिबियन बेटांवरील उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या रक्तावर पिकले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर हिंदुस्थानातील गिरमिटिया मजूर नेण्यात आले. आजही मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोयता हाती धरतो. आपल्या जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात पोफाळी येथे साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा हा इतिहास आपल्या दाराशी आला. आपल्याकडील कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर यांनी शुद्ध करून साखर पांढरी केली जाते. म्हणजे ऊस निसर्गाचा, पण पांढरी साखर कारखान्याची. गूळ त्या मानाने कमी प्रक्रियेचा. परंतु त्याचाही बहुतांश भाग साखरच आहे आणि मधुमेही माणसाच्या रक्तात तो जवळजवळ साखरेसारखाच वागतो. “गुळाने काही होत नाही” हा समज म्हणूनच घातक आहे.

प्रयोगशाळेतील शोध

कृत्रिम गोडीचे बहुतेक शोध योगायोगाने लागले. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फाल्बर्ग हे डांबरजन्य रसायनांवर काम करीत होते. हात न धुता ते जेवायला बसले, पाव गोड लागला आणि त्यातून सॅकरिन सापडले, असे सांगतात. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असलेल्या या पदार्थाचा वापर दोन्ही महायुद्धांतील साखरटंचाईने वाढविला. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांना अ‍ॅस्पार्टेम गवसले; ते सुमारे २०० पट गोड असून प्रथिनांत असणाऱ्या दोन अमिनो आम्लांपासून तयार होते. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याकडे काम करीत होते. साखरेत क्लोरीन घालून केलेला एक पदार्थ ‘टेस्ट’ करावयास, म्हणजे तपासावयास सांगितले असता त्यांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव घेणे असे ऐकले आणि तो जिभेवर ठेवला. तो पदार्थ सुक्रालोज. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड.

स्टेव्हियाची गोष्ट निराळी आहे. पॅराग्वे-ब्राझील भागातील ग्वारानी आदिवासी या वनस्पतीची पाने पूर्वापार वापरीत. भारतात २०१५ साली तिच्या शुद्ध अर्काला अन्नात वापरण्याची परवानगी मिळाली. पुडीतील पांढरी पूड मात्र पानांची नसते. ती कारखान्यात शुद्ध केलेल्या अर्काची असते आणि तिच्यात इतर भरही असू शकते.

तात्पर्य, सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम आणि सुक्रालोज ही नैसर्गिक नाहीत. स्टेव्हियाचे मूळ नैसर्गिक, रूप कारखान्याचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. परंतु त्यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

विदर्भातील शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. चंद्रज्योत पूर्णपणे नैसर्गिक आहे. धोतरा आणि कण्हेरही तशीच. ज्येष्ठमध हे गोड औषध. पण दीर्घकाळ अति घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते.

उलट, रसायनाचे भयही निराधार नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले. तो अनुभव घेतलेल्या माणसाने ‘केमिकल’ या शब्दाला बिचकणे स्वाभाविक आहे. तथापि, पदार्थ कोणता, किती, कोणी आणि किती काळ घेतला, हे विचारल्याखेरीज निर्णय करता येत नाही.

सुरक्षिततेचा हिशेब

उंदरांच्या नरांना प्रचंड प्रमाणात सॅकरिन दिल्यावर मूत्राशयात गाठी आढळल्या, म्हणून अमेरिकेत १९७७ पासून त्यावर इशारा छापला जाऊ लागला. पुढे ती प्रक्रिया उंदरांपुरतीच असून माणसाला लागू होत नाही असे दिसून आले आणि २००० साली तो इशारा काढण्यात आला.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात घातले. हा गट मर्यादित पुराव्याचा आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्यातच आहे. त्याच वेळी अन्नातील घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने दररोजची मर्यादा पूर्वीइतकीच ठेवली : दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला हे २४०० मिलिग्रॅम होतात. एक चमचा, म्हणजे ४ ग्रॅम साखरेची गोडी सुमारे २० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेमने येते. दिवसाकाठी दोन-तीन गोळ्या घेणारा मनुष्य या मर्यादेपासून फारच दूर आहे.

सॅकरिनची मर्यादा मात्र ५ मिलिग्रॅम आहे. पहिलीतल्या २० किलोच्या मुलाला ती १०० मिलिग्रॅम येते, म्हणजे सात-आठ चमचे साखरेइतकी गोडी. जत्रेतील दोन ग्लास सरबत आणि बर्फाचा गोळा जर सॅकरिनचा असेल, तर एवढी गोडी सहज पोटात जाते. ही मर्यादा रोज, आयुष्यभर घेण्याच्या हिशेबाने आणि बराच राखीव पल्ला ठेवून काढलेली असते. एखाद्या दिवशी ती ओलांडल्याने विषबाधा होत नाही. पण उघड्यावरच्या पदार्थात काय आणि किती घातले हे कोणी सांगत नाही, आणि स्वस्त सॅकरिनचा मोह विक्रेत्याला पडतो. धोका असलाच, तर तो आजोबांच्या चहाच्या कपापेक्षा नातवाच्या हातातील गोळ्यात अधिक आहे.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक सूचना केली : वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये. दीर्घकाळात तिचा लाभ दिसत नाही आणि हृदयविकार व मधुमेह यांच्याशी तिचा संबंध असण्याची शक्यता काही अभ्यासांतून दिसते. मात्र ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

आचरणासाठी

मधुमेही व्यक्तीने साखर किंवा गूळ घालण्यापेक्षा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेताने या गोळ्या वापरणे श्रेयस्कर. फिका चहा त्याहून चांगला. निरोगी मुलांना या गोडीची मुळीच गरज नाही. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य करावे. वेष्टनावर तशी सूचना असते, ती वाचावी. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने विघटित होते, म्हणून ते शिजत्या खिरीत घालू नये.

एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तो भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असल्यास त्याला त्याच क्षणी खरी साखर किंवा ग्लुकोज द्यावे. कृत्रिम गोडीची गोळी तेथे कुचकामी आहे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा.

१४ एप्रिलच्या रणरणत्या उन्हात आपण मिरवणुकीला सरबत वाटतो, वैशाख पौर्णिमेला खीरदान करतो. त्या सरबतात साखर किती, हे वाटणाऱ्याने सांगावे. शेजारी साध्या पाण्याचा आणि ताकाचा माठ ठेवावा. दान घेणाऱ्यांत मधुमेही बांधव आहेत, याचे भान हाही करुणेचाच भाग होय.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा कोणी थोर म्हणतो एवढ्यावरून काही स्वीकारू नये. ते हिताचे आहे की अहिताचे, हे स्वतः पारखावे. ‘नैसर्गिक’ ही आजच्या बाजारातील एक परंपराच झाली आहे आणि ‘केमिकल’ ही एक ऐकीव भीती. वेष्टन वाचणे, प्रमाण मोजणे आणि रक्ततपासणीचा आकडा पाहणे, ही त्यावरची पारख आहे. या विद्यालयातून शिकून गेलेल्या प्रत्येकाने ती आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी करावी, एवढीच आमची विनंती.